आप्पांच्या मापाची जीप

लोक लडाखला जातात, स्पितीला जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवून सगळ्यांचा जीव नकोसा करतात. मी बार्शी, श्रीपूर आणि वळसंग एवढंच फिरून आलो. सोलापूर जिल्ह्याची वेसही ओलांडली नाही. पण ज्या गाडीतून गेलो तिला फोर-बाय-फोर म्हणतात आणि निघण्यापूर्वी मी जेवढी तयारी केली तेवढी त्या लडाखवाल्यांनीही केली नसेल. ती सगळी चुकीची होती, हा भाग वेगळा. ज्यांना जुनी जीप सुधारायची हौस आहे आणि खिसा मात्र बेताचा आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

सोलापूर

जीप आप्पांची. आप्पा म्हणजे माझे सासरे. वळसंगच्या पुढं त्यांचं काळं रान आहे आणि शेवटच्या दीड कोसाला अशी पाणंद आहे की तिथं एक तर बैलगाडी जाते, नाही तर ही जीप. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ते शहरात आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं, गाडीचा धक्का बसता कामा नये. तेव्हापासून शेत वाटेकऱ्याकडे, जीप आमच्या फाटकात आणि आप्पा गॅलरीत. रोज संध्याकाळी ते वाटेकऱ्याला फोन लावून ज्वारी कुठवर आली ते विचारतात. तो "कमरंएवढी" म्हणाला की आपल्या कमरेला हात लावून बघतात.

आता वेळअमावस्येबद्दल सांगायला हवं, कारण मी मूळचा नाशिकचा आणि मलाही लग्नाआधी ती ठाऊक नव्हती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला या भागातली माणसं घराला कुलूप घालून रानात जेवायला जातात. उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी करतात, पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि मग पंगत बसते. त्या दिवशी शहरातले रस्तेसुद्धा ओस असतात. आमच्याकडे अमावस्या म्हटली की माणूस उंबरा ओलांडायला कचरतो. इथं घरात बसेल तो वेडा.

आप्पांची आयुष्यात एकही वेळअमावस्या चुकली नव्हती. गेल्या वर्षी पहिल्यांदा चुकली. माझी बायको सुनंदा हिनं त्या दिवशीची भज्जी, म्हणजे हिरव्या शेंगा, दाणे आणि भाज्या एकत्र शिजवून करतात तो पदार्थ, डायनिंग टेबलावर वाढली. आप्पांनी दोन घास खाल्ले, "मीठ कमी हाय" म्हणाले आणि उठले. मीठ अगदी बरोबर होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

या वर्षी अमावस्येला बारा दिवस असताना सुनंदानं मला बोलावलं. "धुण्याच्या मशीनसाठी ठेवलेले पैसे घ्या आणि जीप धक्का न बसेल अशी करा. वेळअमावस्येला आप्पा शेतात पाहिजेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पैसेही गेले नि मशीनही गेलं. धुणं तुम्ही धुवायचं."

मी शाळेत मराठी शिकवतो. कुठलंही काम असो, आधी दोनशे पानी वही आणतो. तीन रात्री मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून मी आराखडा केला. गाडी चार इंच उंच करायची, मागं जाड आक्सल, म्हणजे चाकांचा आस, घालायचा, स्प्रिंगा भक्कम करायच्या. जीपचं चित्र काढून बाण दाखवले. लाल बाण म्हणजे आत्ता, हिरवा बाण म्हणजे पुढच्या बोनसनंतर. ही वही मी आमच्या रफीकभाई मेकॅनिकना दाखवली. ही जीप ते वीस वर्षं सांभाळतायत. त्यांनी सगळी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, गाडी खेत कू जाने की है, के चांद पे?"

बार्शी

बार्शीला जुने पाटे स्वस्तात मिळतात असं कळलं, म्हणून शुक्रवारी निघालो. पाटे म्हणजे जीपच्या खाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांना वहीत मी लीफ स्प्रिंग लिहिलं होतं. रफीकभाईंनी वाटेतच बजावलं, "दुकान में वो अंग्रेजी नाम लेऊ नक्को, सर. शहर का आदमी समझ के फसाते. 'कमान' बोलना."

बार्शीत पोचेपर्यंत दुपार झाली आणि रफीकभाई नमाजाला गेले. मला दम निघेना. मराठीच्या मास्तराला नवा शब्द मिळाला की तो वापरून बघितल्याशिवाय राहवत नाही. बाजारपेठेतल्या एका पानवाल्याला मी सराईतासारखं विचारलं, "कमानवाले कुठं बसतात?"

"त्ये काय, निळं दार."

निळ्या दाराआड गळ्यात टेप अडकवलेले एक गृहस्थ बसले होते. खुर्ची दिली, चहा मागवला.

"कमान पाहिजे होती," मी म्हणालो.

"आमच्यासारकी कमान जिल्ह्यात कुटं गावायची न्हाय. किती पायजेत?"

"पुढं दोन, मागं दोन."

"चार." त्यांनी मोठ्या आदरानं लिहून घेतलं. "उंची?"

"आहे त्यापेक्षा चार इंच जास्त."

"फूट म्हनायचं असंल तुमाला."

"छे, चार फूट केल्यावर सासरे बसणार कसे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कमानीवर बसनार हायती?"

"त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय."

"पाव्हनं, कमानीवर कुनी बसत न्हाय. माणसं खालनं जात्यात. वर फकस्त नाव असतंय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "नाव काय त्यांचं? आनि जयंती हाय का पुण्यतिथी?"

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मागं गेलं. भिंतीला थर्माकोलचे दोन सिंह टेकवलेले होते आणि वर सोनेरी अक्षरांत 'सुस्वागतम्' लटकत होतं. मी मंडपवाल्याकडे बसलो होतो. सासरे हयात आहेत, मला जीपची कमान हवीय, असं सांगितल्यावर ते मनापासून हसले आणि दुकान उघडं टाकून मला पाट्यांच्या दुकानापर्यंत पोचवायला आले. "पाट्याची कमान म्हनायचं की वो. मला वाटलं कुनीतरी लई मोटा माणूस गेला." त्यांना जरा चुटपुट लागलेली दिसली. चार कमानींची ऑर्डर हातची गेली होती.

खऱ्या दुकानात माझी वही मोठ्या आनंदानं पाहण्यात आली. एका टेम्पोचे जुने पाटे निघाले, ते आमच्या पाट्यांत भर म्हणून घातले आणि जीप दोन तासांत चार इंच उंच झाली. रफीकभाई येऊन बघत उभे राहिले. "एक बार आप्पा कू पूछ लेते, सर."

"त्यांना चकित करायचंय," मी म्हणालो.

"होते, होते. चकित होते," रफीकभाई म्हणाले.

खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाची आमटी खाल्ली. नाशिककरांना सांगायला हवं की शेंगा म्हणजे शेंगदाणे, आणि त्यांची आमटी खाल्ल्यावर तूरडाळ आठवत नाही. भुरके मारताना मी खिडकीतून जीपकडे बघत होतो. ती आता मारक्या बैलासारखी दिसत होती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

श्रीपूर

बार्शीहून श्रीपूरला जाताना कळलं की जीप नुसती उंच झाली नव्हती, ती उड्याही मारत होती. रस्त्यात बारीकसा दगड आला तरी माझं डोकं टपाला लागे. एका उडीत खानावळीतून घेतलेला दह्याचा डबा उघडला आणि रफीकभाईंच्या मांडीवर पालथा झाला. त्यांनी कुर्त्यावरचं दही बोटानं निपटून खिडकीबाहेर झटकलं आणि समोर बघत राहिले.

श्रीपूरला साखर कारखाना आहे. गाळप जोरात होतं, हवेत मळीचा आंबूस वास आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची ही लांब रांग. उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्यांच्या शेडी कारखान्याबाहेरच आहेत आणि तिथं जाड आक्सल स्वस्तात मिळतील असं माझ्या वहीत लाल बाणानं लिहिलं होतं. एका शेडमध्ये वेल्डिंग करत बसलेल्या माणसाला मी गाठलं.

"मागचा आक्सल बदलायचाय. चांगला जड पाहिजे."

"किती टन ऊस भरता?"

"ऊस नाही. सासरे."

"किती?"

"एकच."

त्यानं डोळ्यांपुढची काच वर केली. "वजन काय त्यांचं?"

"साठ-बासष्ट किलो असेल."

"मग सायकलीचा आस बी चालंल की." तो उठला, जीपखाली शिरला, हातोडीनं आक्सलवर दोन टोले मारून आवाज ऐकला आणि बाहेर आला. "ह्याला काय धाड भरलीया? बेरिंग झिजलंय तेवडं बदला, तेल घाला आनि गप जावा घरी." रफीकभाईंनी आभाळाकडे बघितलं. बेरिंगचं ते मला दिवाळीपासून सांगत होते.

बेरिंग बदलेपर्यंत मी उसाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. एका बैलगाडीवर, उसाच्या मोळ्यांना टेकून, ऊसतोडणीच्या टोळीतल्या एक मावशी बसल्या होत्या. गाडीला टायर होते, स्प्रिंग नव्हती. मी विचारलं, "मावशी, धक्के बसत नाहीत?"

"बसत्यात की. बैलाच्या मनानं चाललं की कमी बसत्यात, आपल्या मनानं चाललं की जास्ती." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आस तेवडा धड पायजे. आस मोडला की रस्त्यातच बसायचं."

मी वही काढून लिहून घेतलं: तो आस मोडतो, ती आस लागून राहते. वार्षिक परीक्षेला 'लिंगभेदाने अर्थभेद' यात हा शब्द घालायचा असं ठरवलं. मावशींना वाटलं मी कारखान्याचा माणूस आहे. त्यांनी लगेच विचारलं, "आमचा नंबर कवा लागंल, सायेब?"

पुन्हा सोलापूर

घरी आलो तेव्हा आप्पा गॅलरीतून बघतच होते. वाटेत दोनदा बसून, सावकाश जिना उतरून खाली आले आणि जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग बसायला म्हणून पाय उचलला. पाय ठेवायची जागा त्यांच्या मांडीच्याही वर होती. तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला. ज्या माणसाकरता जीप सुधारली त्यालाच तिच्यात चढता येत नव्हतं, आणि वहीत मी माझ्या उंचीपासून टायरच्या रुंदीपर्यंत सगळं मोजलं होतं, आप्पांचा पाय तेवढा मोजायचा राहिला होता.

सुनंदानं ओट्याखालचं स्टूल आणलं. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं रफीकभाई, असं आप्पांना आत बसवलं. मी हळूहळू चौकापर्यंत नेलं. पहिला गतिरोधक आला, जीप उडाली, आणि आप्पा म्हणाले, "साकु."

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. आप्पांना फार दुखलं की मराठी सुचत नाही.

पुढचा अख्खा दिवस ते गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होते. मला म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. जीप लई छान दिसती. कुनी तरुण माणूस बसवा तिच्यात."  सुनंदानं माझ्या चहाच्या कपाशेजारी धुण्याच्या साबणाची वडी आणून ठेवली. अमावस्येला चार दिवस उरले होते.

वळसंग

"अब मेरी सुनते क्या?" रफीकभाईंनी विचारलं. मी मान हलवली.

ते मला वळसंगला शिवप्पा लोहारांकडे घेऊन गेले. शिवप्पा पूर्वी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, आता जीप-टेम्पोचे पाटे करतात. वय सत्तरीचं, हात मात्र पहिलवानाचे. मी वही पुढं केली. त्यांनी ती बसायला खाली घेतली. मग जीपखाली डोकं घालून बोटानं पाटे मोजले.

"ही गाडी वडापची हुती न्हवं?"

होती. आप्पांनी घेण्याआधी ती वडापला, म्हणजे गावोगावचे प्रवासी भरून न्यायला चालायची.

"चौदा-पंदरा माणसं बसायची हिच्यात. तेवड्या वजनाला पाटे भरलेत. त्यावर तुमी आनिक घातलं. आता एक म्हातारं माणूस बसलं तर हिला कळायचं बी न्हाय कुनी बसलंय म्हनून. मग ती वाकंल कशाला? तीच त्याला हानती."

एवढी साधी गोष्ट दोनशे पानांत कुठंही नव्हती. "मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"बसनारा आना."

"त्यांना कशाला त्रास? मी माप सांगतो की."

"शिंप्याकडं सदरा शिवायला तुमी शेजाऱ्याला धाडता व्हय?"

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारीतून, चांगल्या रस्त्यानं, सुनंदा आप्पांना घेऊन आली. शिवप्पांच्या वडिलांनी आप्पांच्या बैलगाडीची चाकं केलेली निघाली. दोघं कन्नडमध्ये असे काही बोलत सुटले की अर्धा तास जीप आणि जावई दोन्ही विसरले गेले. मग शिवप्पांनी आप्पांना समोरच्या धान्याच्या दुकानात नेलं, काट्यावर खुर्ची ठेवली आणि तिच्यात बसवलं. हमालानं काटा बघून नेहमीच्या सवयीनं ओरडून सांगितलं, "एक पोतं आनि वर बारा किलो!"

आप्पांना राग आला. "मी काय ज्वारी हाय व्हय?" मग जरा विचार करून म्हणाले, "आनि धरायचीच तर मालदांडी धरा." मालदांडी म्हणजे इकडच्या ज्वारीतली सगळ्यात भारी.

दुपारभर काम चाललं. शिवप्पांनी माझे बार्शीचे पाटे उपसून बाजूला टाकले, वडापच्या वेळचेही निम्मे काढले आणि राहिलेले ठोकून ठोकून पुन्हा आकाराला आणले. पुढच्या सीटवर आप्पांना बसवलं आणि त्यांच्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. मग दोन्ही हातांनी जीप गदागदा हलवली. पहिल्यांदा आप्पांचं धोतर भिजलं. एक पाटा बदलला, पुन्हा हलवली, तेव्हा थोडंच सांडलं. तिसऱ्यांदा पाणी तांब्यात गोल फिरलं आणि तिथंच राहिलं.

आप्पा तांब्याकडे बघत होते. "छलो," ते म्हणाले. म्हणजे झकास.

मी गुपचूप टेप काढून उंची मोजली. माझे चार इंच तर गेलेच होते, मूळची आणखी दोन इंच उंचीही गेली होती. माझा चेहरा बघून रफीकभाईंनी खांद्यावर हात ठेवला. "जाने दो, सर. घोडा था, खटिया हो गई."

शेत

वेळअमावस्येला पहाटेपासून घरात भज्जीचा वास होता. आंबिलीचं मडकं, भाकऱ्यांची दुरडी, सुनंदा आणि रफीकभाई मागं, आप्पा पुढं. या दिवशी रानातल्या पंगतीला कुणीही चालतं, ओळख लागत नाही, आणि रफीकभाईंना तर आप्पांनी स्वतः फोन केला होता. आप्पांनी मांडीवर तांब्या घेतला होता. पाणी भरूनच. वळसंग मागं पडलं, डांबरी संपली, पाणंद लागली, आणि मी बैलाच्या मनानं चालवत राहिलो. जीप दबत होती, उठत होती, पण उडत नव्हती. दर खड्ड्यानंतर मी तांब्याकडे बघायचो. आप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि एकेका रानाच्या मालकाचं नाव घेत होते.

कोप दिसायला लागली. वाटेकऱ्याची माणसं हात हलवायला लागली. आणि दोनशे पावलं उरली असताना खालून कर्र असा आवाज आला.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंच वरंबा होता. आमची खटिया त्याच्यावर पोटानं टेकली. मी जोर दिला. चारही चाकं फिरली आणि गाडी जागची हलली नाही. फोर-बाय-फोरचा खरा अर्थ मला तेव्हा समजला, चाकं चारी एकदमच निकामी होतात. माझे चार इंच, निदान शिवप्पांनी कापलेले दोन इंच, आत्ता असते तर! बारा दिवसांची खटपट, धुण्याचं मशीन, आप्पांची कमर, सगळं दोनशे पावलं अलीकडं येऊन बसलं होतं. मला खरोखर रडू यायला लागलं. काय तोंडानं सांगावं म्हणून मी आप्पांकडे वळलो.

सीटवर नुसता तांब्या होता.

जीप इतकी खाली बसली होती की आप्पांनी दार उघडून पाय सोडला तो सरळ जमिनीवरच टेकला. स्टूल नाही, कुणाचा हात नाही. चपला त्यांनी आतच ठेवल्या होत्या. काळ्या मातीत अनवाणी ते पुढं चालले होते, सावकाश, मध्येच थांबून एखादं कणीस चाचपून बघत. सुनंदा काठी घेऊन मागं धावली. त्यांनी काठी घेतली आणि खाकेत मारली. आमच्या घरी गॅलरीपासून जिन्यापर्यंत जायला ज्यांना दोनदा बसावं लागायचं ते आप्पा दोनशे पावलं न थांबता चालले, म्हणजे कणसांसाठी थांबले तेवढंच.

आम्ही सगळं सामान डोक्यावर घेऊन पोचेपर्यंत त्यांची पूजा अर्धी झाली होती. मग आंबील शिंपडली, पंगत बसली. सुनंदानं गेल्या वर्षीइतक्याच मिठाची भज्जी वाढली आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, "आप्पा, मीठ?"

"बराबर हाय," आप्पा म्हणाले आणि पुन्हा वाढायला ताट पुढं केलं. सुनंदानं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. धुण्याबद्दल ती त्यानंतर कधी काही बोलली नाही, धुणं मात्र सध्या आम्ही दोघं मिळून धुतो.

जेवणं झाल्यावर मी जीपकडे निघालो होतो तेवढ्यात फोन वाजला. शिवप्पा होते.

"काय मास्तर, बसलं का सगळं नीट?"

मी मागं वळून बघितलं. पार पलीकडच्या बांधावर, ज्वारीच्या वर, आप्पांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. वाटेकऱ्याला काहीतरी दरडावत ती पुढं पुढं सरकत होती.

"जीप बसली," मी सांगितलं. "आप्पा उठले."

शिवप्पा म्हणाले, "माजं काम झालं की मग. जीपला बैल लावा."